पाणी किती फूट

तिसऱ्या खेपेला ठरवलं, आता वाईट व्हायचं.
दोनदा राज्य वाचवून झालं होतं,
दोनदा तेच पोवाडे, त्याच खिडक्यांतून तीच फुलं.
पात्राला नाव दिलं कर्दम.
गालावर व्रण, डोळे राखाडी,
स्वभाव: निर्दय.
खेळ म्हणाला, बरं.

पहिल्याच घाटावर नावाडीण भेटली,
पोर पाठीला बांधलेलं, उतारूमागे दोन नाणी घेते.
पडद्यावर तीन पर्याय आले.
पैसे द्या.
घासाघीस करा.
तिला नदीत ढकला.
तिसरा लाल अक्षरांत,
म्हणजे चुकून कुणी दुष्ट होऊ नये.

अर्धा तास तसाच बसलो.
चहा गार झाला, कूलरचं पाणी संपलं,
ती वल्हं धरून श्वास घेत राहिली,
खेळातली माणसं वाट बघताना घेतात तसा,
खांदे वर, खांदे खाली.
शेवटी कर्दमनं पैसे दिले.
एक नाणं जास्तीचं.

भरतेश म्हणतो, जाऊच नकोस त्या वाटेला, रिकामी आहे.
त्यानं गाव जाळलं होतं, मठ लुटला होता.
मग पुढे दुकानदार नाही, वैद्य नाही,
काम सांगायलाही कुणी उरलं नाही,
नुसती राख, आणि मागे तेच ते संगीत.
लिहिणाऱ्यांनी चांगल्यांसाठी हजार वाक्यं लिहिली
आणि वाइटासाठी चाळीस.
त्यातली तीस म्हणजे नुसतं गडगडाटी हसणं.

मार्केट यार्डात माझे मालक कधी असे हसत नाहीत.
बसा म्हणतात, चहा सांगतात,
पोराच्या बारावीची चौकशी करतात
आणि हळदीच्या पोत्यामागे दोन किलो कडता धरतात.
मीच लिहितो तो. निळ्या शाईत.

खेळात उजव्या कोपऱ्यात एक पट्टी असते,
वर पांढरी, खाली काळी,
काही केलं की काटा हलतो.
आम्हा सांगलीकरांना हे शिकवावं लागत नाही.
पावसाळ्यात अख्खं गाव एकच विचारतं,
आयर्विनला पाणी किती फूट?
चाळीसला सामान माळ्यावर,
पंचेचाळीसला म्हातारी माणसं मिरजेला,
पुढचं कृष्णामाईला ठाऊक.

त्या ऑगस्टात सत्तावन्न झालं होतं.
गावभागातल्या आमच्या इमारतीचा तळमजला गेला
आणि मगदूम काकू जिन्यात राहायला आल्या,
दुसऱ्या वळणावर, एक वळकटी, एक डबा,
टॉवेलात गुंडाळलेली पितळेची मूर्ती.
काका मिरजेच्या दवाखान्यात.
काकूंनी विचारलं, फोन जरा लावतोस का रे चार्जिंगला?
मी म्हणालो, इन्व्हर्टर उतरलाय, काकू.

उतरला नव्हता.
दोन हिरवे दिवे शिल्लक होते.
आत मी पहिल्या खेपेचा शेवट खेळत होतो,
बांध फुटलेल्या गावातून एकेक माणूस
पाठीवर घेऊन टेकडीवर नेत होतो.
त्या रात्री माझी पट्टी टोकाला पोचली,
पांढरीशुभ्र.

तसं काहीच झालं नाही म्हणा.
काका आठव्या दिवशी घरी आले, चालत.
काकू अजून भडंग पाठवतात,
लसूण जास्त घालून, मला आवडतो म्हणून.
कोपऱ्यात कुठे अक्षरं उमटली नाहीत
की यांना हे आठवत राहील.
त्यांच्या भिंतीवरची पुराची रेघ मात्र
दोनदा रंग देऊनही पुन्हा वर आली,
माझ्या डोक्याहून वीतभर उंच.

आज वाटी परत द्यायला खाली गेलो.
रिकामी कशी द्यायची, म्हणून साखर घातलेली.
दार उघडंच होतं,
काकू अंधारात बसलेल्या.
मी तोंड उघडलं.
पर्याय आले नाहीत.
त्याच म्हणाल्या,
आमचीच गेली का रे? वर आहे का लाईट?

आहे, म्हणालो,
आणि वाटी धरून तिथेच उभा राहिलो,
खांदे वर, खांदे खाली.